चाल गेली की गाणे उरत नाही

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा आपण गेली पस्तीस वर्षे करीत आलो आहोत. १९९० साली सोलापूरला पहिले संमेलन भरले. तेव्हापासून भाषेचा प्रश्न, ओळखीचा प्रश्न, प्रस्थापितांनी केलेली उपेक्षा असे विषय मांडून झाले. संत शेख महंमदांपासून शाहीर सगनभाऊंपर्यंत आणि तेथून अमर शेखांपर्यंत परंपराही सांगून झाली. मात्र या साऱ्यात एक गोष्ट निसटत आली आहे. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्यांची रचना वाचण्यासाठी नव्हे, तर गाण्यासाठी होती. त्यांचे शब्द आपण तपासले, सूर मात्र समीक्षेच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे उदाहरण घेऊ. माणगाव, गोरेगाव, मोर्बा या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. इथले पुरुष पोटासाठी आधी मुंबईला आणि जहाजांवर, पुढे आखाती देशांत गेले. मागे राहिलेल्या बायकांनी लग्नघरी, हळदी-मेंदीच्या रात्री, आपल्या कोकणी बोलीत गाणी म्हटली. ही गाणी कागदावर उतरवली तर फार साधी दिसतात. नवरीचे कौतुक, वरपक्षाची थट्टा, माहेर सुटण्याचे दुःख, आणि तीच ती ओळ पुन्हा पुन्हा. यात काव्य ते किती, असे एखादा समीक्षक विचारील. आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. एकीने ओळ उचलावी, बाकीच्यांनी ती झेलावी, शेवटचे अक्षर लांबत जावे, यातच त्या गाण्याचा अर्थ भरतो. दूरदेशी गेलेला नवरा त्या शब्दांत कुठेच नसतो. पण त्या लांबलेल्या सुरात जिला तिला आपापला माणूस दिसतो. शब्द सर्वांचा एकच असतो. सूर मात्र प्रत्येकीला स्वतःपुरती जागा मोकळी करून देतो.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. उलेमांत त्याबाबत मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु संगीत माणसाच्या मनावर नेमके काय करते, याचा विचार आपल्याच परंपरेत फार खोलवर झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. इमाम गझाली (निधन ११११) यांनी ‘इह्या’ आणि ‘कीमिया-ए-सआदत’ या दोन्ही ग्रंथांत ‘समा’वर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, गाणे काळजात बाहेरून काही आणून घालत नाही. तिथे जे आधीच आहे ते हलवून जागे करते. गारगोटीत ठिणगी दडलेली असते, लोखंडाचा आघात तिला बाहेर काढतो, तसे. समीक्षेला याहून नेमके सूत्र कुठले मिळणार? गाण्याची ताकद मोजायची तर ओळीबरोबर ऐकणाऱ्याचे काळीजही वाचावे लागेल.

अमर शेखांकडे या नजरेने पाहावे. १९१६ साली बार्शीला जन्मलेल्या या शाहिराला गाण्याचा वारसा आई मुनेरबीकडून मिळाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने सभाच्या सभा भारून गेल्या. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे संग्रह आज वाचताना आवेश आणि पुनरुक्ती डोळ्यांना खटकू शकते. पण कागदावर जी पुनरुक्ती वाटते, तीच मैदानात गर्दीचा श्वास एक करणारी लय असते. माणगावच्या लग्नघरातली बाई आणि मैदानातला शाहीर यांची कला वेगळी नाही. फरक आहे तो अंगणाच्या आकाराचा.

मराठीत ओव्या गोळा करण्याचे काम मोठे झाले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, पुढे कित्येकींचे ध्वनिमुद्रणही झाले. छापील ओवी आणि बाईच्या गळ्यातली ओवी शेजारी ठेवून पाहिली की आमचे म्हणणे पटेल. पहिली माहिती देते, दुसरी आतून हलवते.

कोकणी मुसलमान स्त्रियांच्या गाण्यांपुढे आज दुहेरी संकट आहे. एकीकडे डीजेचा दणदणाट, दुसरीकडे ‘हे आपले नव्हे’ म्हणून मिटवलेली तोंडे. दोहोंचा परिणाम एकच, आजीचा आवाज गप्प होणे. जी बोली आपण साहित्यात आणावी म्हणून भांडतो, ती तर या गाण्यांत नांदत आली आहे. तेव्हा शब्द टिपून वहीत ठेवणाऱ्या अभ्यासकांना आमची विनंती आहे, तेवढ्यावर थांबू नका. घरोघरी मोबाइल आहे. गाणाऱ्या बाईची संमती घ्या, तिचे नाव, गाव, प्रसंग नोंदवा आणि तिच्या आवाजात गाणे जतन करा. वही नंतरही भरता येईल. गळा एकदा मिटला की चाल कुणाला विचारणार?