मठाचे दगड, किल्ल्याचे दगड

इंग्लंडांतील जुनीं धर्मस्थानें आणि किल्ले पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा पहिल्यांत भक्ति शोधतो व दुसऱ्यांत शौर्य. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटांत एकट्यानें घालविलेला एक दिवस ही वांटणी मोडून टाकण्यास पुरेसा आहे. तेथें जाणारा रस्ता रोज दोनदां भरतीच्या पाण्याखालीं जातो; त्यामुळें प्रवाशाचें वेळापत्रक समुद्रच ठरवितो.

इ. स. ६३५ मध्यें संत एडन यानें येथें मठ स्थापिला. ७९३ सालीं व्हायकिंगांनीं तो लुटला. आज दिसणारे अवशेष बाराव्या शतकांत पुन्हां बांधलेल्या मठाचे आहेत. छप्पर गेलें, मधला मनोरा गेला. तरी मनोऱ्याखालची एक तिरकस कमान इंद्रधनुष्यासारखी आभाळांत उभी आहे. ही वास्तु आपलें दैन्य झांकीत नाहीं, हाच तिचा मोठा गुण.

आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३७ सालीं, मठ बंद झाला. पुढें त्याचेच दगड नेऊन जवळच्या खडकावर किल्ला उभारण्यांत आला. नवी दिल्लीच्या रचनेंत ज्यांचा मोठा वांटा, त्या एडविन लट्येन्स यांनीं १९०३ पासून या किल्ल्याचें एका धनिक प्रकाशकासाठीं निवासस्थान बनविलें. त्यांचें कौशल्य निर्विवाद आहे. परंतु दरारा गेलेला किल्ला रंगभूमीवरील राजासारखा दिसतो: पोषाख बिनचूक, राज्य मात्र कोठेंच नाहीं.

तेव्हां मठ खरा आणि किल्ला खोटा, असा निकाल देण्याचा मोह होतो. पण तो निकाल उतावळेपणाचा होईल. स्कॉटलंडशीं चाललेल्या युद्धांमुळें चौदाव्या शतकांत खुद्द या मठासच तटबंदी करावी लागली होती! प्रार्थना आणि पहारा हीं दोन्हीं तेथें एकाच छपराखालीं नांदत होतीं. किल्ल्यानें मठाचे दगड घेतले हें खरें. पण भय त्याच्या आधींच मठांत शिरलें होतें.

प्रवासवर्णनाची कसोटी आमच्या मतें हीच. किती स्थळें पाहिलीं याची मोजदाद कोणीही देईल. एका स्थळानें दुसऱ्याविषयींचें आपलें मत कसें बदललें, हें सांगणारा लेखक विरळा. त्यासाठीं मठ आधीं पाहावा, किल्ला मागाहून, आणि भरती चढण्यापूर्वीं जातां जातां मठाकडे पुन्हां एकदां वळून पाहावें. सकाळीं पाहिलेला मठ तो नव्हेच, असें वाटलें, तर दिवस सार्थकीं लागला म्हणावयाचा.