पुराव्यानिशी प्रेम

जुलै 2005 मध्ये हॅरी पॉटर मालिकेचा सहावा भाग आला. त्याच्या शेवटी सेव्हरस स्नेप या मास्तराने मनोऱ्यावर मुख्याध्यापक डम्बलडोरचा जीव घेतला आणि चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणे, स्नेप पहिल्यापासूनच गद्दार होता. दुसरा म्हणे, त्याने हे डम्बलडोरच्याच सांगण्यावरून केले. सातवा भाग यायला जुलै 2007 उजाडावे लागले. मधल्या दोन वर्षांत हा वाद ज्या रीतीने लढला गेला, तिची दखल साहित्यसमीक्षेने घ्यायला हवी.

स्नेपचे कैवारी नुसते गहिवरून बोलत नव्हते. ते पाने उलटत होते. शाप उच्चारताना स्नेपच्या चेहऱ्यावर घृणा आणि द्वेष होता, असे पुस्तकात आहे. ठीक. पण त्याच्या थोडेच आधी, गुहेत डम्बलडोरला तो जीवघेणा द्रव पाजताना हॅरीलाही स्वतःचा असाच तिटकारा वाटतो, आणि तो तर डम्बलडोरची आज्ञाच पाळत असतो. मग स्नेपचा द्वेष स्वतःबद्दलचा नसेल कशावरून? पळताना तो हॅरीचे वार परतवतो, दुसऱ्या कुणाला त्याचा छळ करू देत नाही, आणि वर तोंड बंद ठेव, मन बंद ठेव असे बजावतो. पळता पळता शिकवणी घेणारा हा कसला शत्रू? शिवाय शाळेच्या रखवालदाराने, हॅग्रिडने, ऐकलेली स्नेप आणि डम्बलडोर यांची ती बाचाबाची. डम्बलडोर आपल्याला गृहीत धरतात, आपल्याला आता हे करायचे नाही, असे स्नेप म्हणत होता. 'हे' म्हणजे काय? विरोधकांच्या हातात स्नेपने घेतलेली, कधीही न मोडता येणारी शपथ होती आणि डोळ्यांदेखत पडलेले प्रेत होते. सातव्या भागाने निकाल कैवाऱ्यांच्या बाजूने दिला. तो उलटा लागला असता, तरी वाचनाची ही शिस्त तितकीच खरी ठरली असती.

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन, मोबदल्याची अपेक्षा न धरता लिहिलेल्या कथा म्हणजे फॅन फिक्शन. 1967 साली 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी 'स्पॉकानेलिया' हे हौशी नियतकालिक काढले, तिथपासून तिचा आधुनिक इतिहास मोजतात. 2009 मध्ये चाहत्यांनीच चालवलेले 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संग्रहस्थळ खुले झाले आणि 2019 मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. या जगात कथा आणि चर्चा वेगळ्या काढता येत नाहीत. सातव्या भागात ज्या नागिणीच्या दंशाने स्नेप मरतो, त्यातून तो वाचला असता तर, या कल्पनेवरच्या असंख्य कथा म्हणजे खरे तर युक्तिवाद आहेत. वाचलेला स्नेप गोड बोलू लागला, तर वाचक एका शब्दात कथा निकालात काढतात : 'ओओसी', म्हणजे पात्र स्वभाव सोडून वागले. चांगला लेखक त्याला वाचवतो, पण त्याचा कडवटपणा वाचवायला विसरत नाही.

या मंडळींची परिभाषाही नेमकी आहे. मूळ ग्रंथात आहे ते 'कॅनन'. चाहत्यांनी पुन्हा पुन्हा लिहून रूढ केलेले ते 'फॅनॉन'. एकट्या वाचकाने मनाशी धरलेले ते 'हेडकॅनन'. आज या कलेची प्रकृती तपासायची, तर या तिघांतल्या सीमा किती शाबूत आहेत ते पाहावे लागते. मला दिसते ते असे : चर्चेची प्रत चाहत्यांच्या प्रेमावर ठरत नाही. मूळ मजकूर त्या प्रेमाला किती अडवतो, आणि ही अडवणूक चाहते किती मानतात, यावर ती ठरते.

मजकुराने सर्वांत जास्त छळलेले चाहते म्हणजे टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'चे. हा ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये, मुलगा ख्रिस्तोफर याने मसुदे जुळवून प्रसिद्ध केला. पुढे 1983 ते 1996 या काळात त्याने ते मसुदेच 12 खंडांत छापले आणि एकेका पात्राच्या चार-चार आवृत्त्या वाचकांसमोर आल्या. गिल-गालाड हा एल्फांचा राजा कुणाचा मुलगा? छापील ग्रंथ म्हणतो, फिंगॉनचा. बाराव्या खंडात ख्रिस्तोफर स्वतःच सांगतो की ती संपादनातली चूक होती. वडिलांनी शेवटी त्याला ओरोड्रेथचा मुलगा ठरवले होते. म्हणून या राजावर कथा लिहायला बसलेल्या चाहत्याला आधी पाठचिकित्सा करावी लागते, आणि आपण कोणती आवृत्ती धरली हे तो बहुधा सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मॅग्लोरची गोष्ट याहून बोलकी आहे. फेआनोरच्या सात मुलांपैकी हा दुसरा, गायक. बापाच्या रत्नांसाठी घेतलेल्या शपथेपायी हे भाऊ आप्तांच्या वस्तीवर हल्ला करतात, एल्रॉस आणि एल्रॉंड ही दोन लहान मुले त्यांच्या हाती लागतात आणि मॅग्लोर दयेपोटी त्यांना वाढवतो. मूळ ग्रंथात हे सारे दोन-चार वाक्यांत आटोपते. जुन्या मसुद्यात तर ही दया त्याच्या थोरल्या भावाच्या, मैध्रोसच्या, नावावर होती. या तुटपुंज्या ओळींवर चाहत्यांनी कथांचे अख्खे दालन उभारले. ज्याने आईवडिलांपासून तोडले त्याच्यावरच मुलाने माया करावी का? मारेकऱ्याचे वात्सल्य खरे की ती अपराधाची परतफेड? या कथा एकमेकींना उत्तरे देतात. एकीत मॅग्लोर प्रेमळ पिता दिसला, की दुसरी त्या मुलांच्या आईच्या, एल्विंगच्या, बाजूने उभी राहते. टॉल्किनने 1951 च्या एका पत्रात लिहिले होते की आपल्या दंतकथाचक्रातले काही भाग इतरांच्या हातांसाठी मोकळे ठेवावेत, असे आपल्याला पूर्वी वाटत असे. या चाहत्यांनी ती मोकळी जागा लेखकाचा धाक ठेवून वापरली.

आता दुसरे टोक पाहू. हॅरीच्या वडिलांच्या पिढीवर, म्हणजे 'मरॉडर्स' मंडळींवर, लिहिण्याची लाट गेल्या काही वर्षांत उसळली आहे. तिचा लाडका नायक रेग्युलस ब्लॅक. मूळ पुस्तकात तो हॅरीच्या वडिलांच्या मित्राचा, सिरियसचा, धाकटा भाऊ म्हणून येतो. खलनायक व्होल्डेमॉर्टला सामील होतो, नंतर उलटतो आणि गुहेतल्या तळ्यात मरतो, आणि हेही आपल्याला घरच्या नोकराच्या, क्रीचरच्या, तोंडून कळते. मार्लीन मॅकिनन आणि डॉर्कस मेडोज तर एका जुन्या छायाचित्रातल्या चेहऱ्यांपलीकडे फारशा जातच नाहीत. चाहत्यांनी या नावांना चेहरे दिले, विनोदबुद्धी दिली, प्रेमप्रकरणे दिली. पुस्तकाने ज्यांना एका ओळीत मारले, त्यांना जगू देण्याची इच्छा मला उमदी वाटते. अडचण पुढे येते. 2017-18 मध्ये लिहिली गेलेली 'ऑल द यंग ड्यूड्स' ही याच मंडळींतल्या रीमस लुपिनची प्रदीर्घ कथा त्याला अनाथाश्रमात वाढवते. मूळ लेखिका रोलिंगच्या लुपिनला मात्र जपणारे आईवडील आहेत. कथा म्हणून हा बदल समर्थ आहे. पण पुढच्या लेखकांच्या पिढीने तो बदल म्हणून न घेता माहिती म्हणून घेतला. रेग्युलसबद्दलच्या वादात आज एका कथेचा दाखला देऊन दुसरी खोडली जाते आणि मूळ पान कुणी उघडत नाही. जिथे मजकूर अडवतच नाही, तिथे वाद हा आवडीनिवडीचा सामना होऊन बसतो.

स्नेपच्या वाट्याला 2007 नंतर वेगळेच काही आले. वस्तुस्थितीचा प्रश्न सुटला आणि त्याची जागा न्यायनिवाड्याने घेतली. हॅरीच्या आईवरचे, लिलीवरचे, त्याचे प्रेम थोर की आत्मकेंद्री? नेव्हिल या विद्यार्थ्याला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते तो मास्तर क्षमेस पात्र आहे का? हॅरीने आपल्या मुलाला त्याचे नाव द्यावे का? प्रश्न चांगलेच आहेत, आणि त्यांत एक मजेदार गुंताही आहे. पुस्तकातला स्नेप पहिल्या भागात जेमतेम 31 वर्षांचा आहे, तर पडद्यावर त्याला अमर करणारे अ‍ॅलन रिकमन 2001 साली पन्नाशी ओलांडलेले होते. आपण ज्याला माफ करतो तो कागदावरचा तरुण, खुनशी मास्तर की तो खर्जातला आवाज, हे आधी ठरवायला हवे. पण ही चर्चा हळूहळू पात्रावरून वाचकावर सरकली. स्नेप किंवा हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेको मालफॉय आवडणे हाच पुरावा मानून आवडणाऱ्याचे चारित्र्य तपासले जाऊ लागले. दुष्ट पात्र रंगवणे म्हणजे दुष्टपणाला दुजोरा, असे मानणारा एक गट आणि कथेत काहीही चालेल असे म्हणणारा दुसरा, यांच्या भांडणात 'पात्र असे का वागते' हा मूळ प्रश्नच मागे पडतो.

मराठी वाचकाला या जगात एक खास आपले दार आहे : पद्मा आणि पार्वती या पाटील जुळ्या बहिणी. आडनाव तर थेट आपल्याकडचे. पुस्तकात त्यांच्या घराबद्दल जवळजवळ काही नाही. नाताळच्या नाचाला पार्वती भडक गुलाबी झग्यात, वेणीत सोनेरी गुंफण आणि हातात सोन्याची कांकणे घालून येते. डम्बलडोरच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आतच दोघींना घरी नेले जाते. शेवटच्या लढाईला त्या परत हजर असतात. चित्रपटाने तर दोघींना शाळेच्या एकाच हाऊसमध्ये टाकून पुस्तकातला फरकही पुसला. इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या दक्षिण आशियाई चाहत्यांनी ही पोकळी हेरली आणि हॅरीच्या वडिलांचे घराणे भारतीय वंशाचे असावे, अशी कल्पनाही लाडाने रुजवली. मजकूर इथेही तोकडाच आहे. फरक इतकाच की लेखकाला अडवायला खरे जग आहे. पाटलांच्या घरी कोणती भाषा बोलतात, आजी कुठल्या गावची, मुलींना घाईने घरी नेणाऱ्या आईच्या मनात काय असेल, याची उत्तरे वाटेल तशी देता येत नाहीत. ज्या कथांत या बहिणी नुसत्या दिवाळी आणि मसाल्यांपुरत्या भारतीय राहतात, त्या याच कसोटीवर कोसळतात.

मूळ मजकुरापासून सुटत जाण्याच्या या बदलाला दोन गोष्टींनी वेग दिला आहे. पहिली म्हणजे टॅग. कथेच्या माथ्यावर पात्रे, नाती, इशारे आणि शेवट सुखाचा की दुःखाचा हे सारे नोंदवलेले असते. नको ते टाळता येणे ही वाचकाची मोठी सोय आहे, पण हवे तेवढेच गाळून घेण्याची सवय लागली की अनपेक्षित वाचन समोर येतच नाही. दुसरी म्हणजे बाजार. 'मॅनॅकल्ड' ही ड्रेको आणि हॅरीची मैत्रीण हर्मायनी यांची गाजलेली कथा नावे-गावे बदलून 2025 मध्ये 'अल्केमाइज्ड' या कादंबरीच्या रूपाने आली. त्याच वर्षी ड्रेको-हर्मायनीच्या फॅन फिक्शनमधून 'रोज इन चेन्स'सुद्धा आली. लेखकांना मोबदला मिळाला हे उत्तमच. मात्र नावे बदलताच अशा कथेतला वाद विझतो. हर्मायनी अशी वागेल का, हा प्रश्न विचारायला समोर हर्मायनीच उरत नाही.

हे सारे परके वाटण्याचे आपल्याला कारण नाही. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' दोन्ही 1967 सालची. सावंतांनी कर्णाला झोकून देऊन प्रेम दिले, आणि त्यांनी रंगवलेला कर्ण आज कितीतरी मराठी वाचकांना व्यासांचाच वाटतो. कर्वे यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार धरला आणि लाडक्या पात्रांकडे थंड डोळ्यांनी पाहिले. कर्णावर कुणाची मालकी नाही आणि स्नेपवर आहे, हा कायद्याचा फरक मोठा. वाचकाचा स्वभाव मात्र तोच. आपल्याकडे दोन्ही पुस्तके एकाच घरात नांदली, म्हणून कर्णावरचा मराठी वाद अजून जिवंत आहे.

फॅन फिक्शनच्या जगात आज सावंतांच्या वळणाचे लेखक उदंड आहेत; तुटवडा आहे तो कर्वे यांच्या वळणाच्या वाचकांचा. टॉल्किनच्या चाहत्यांकडे ते आहेत, म्हणून तिथली चर्चा सकस आहे. मरॉडर्सच्या चाहत्यांनी ते घडवायला हवेत. यासाठी कुणाच्या कल्पनाशक्तीला लगाम घालायची गरज नाही. लाडक्या पात्राबद्दल काही ठामपणे सांगणाऱ्याला 'हे कोणत्या पानावर आहे?' एवढे विचारले तरी पुरे. 'कोणत्याच नाही, मी रचले' हे उत्तरही सन्मानाचे आहे, कारण ते देणाऱ्याने ते पान उघडून पाहिलेले असते.