आज्ञावलीतील सेटिंगचे स्तर : अधिकार आणि उगम यांची चिकित्सा

प्रस्तावना :

१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यालगत बजाजनगर ही वसाहत वाढली. पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात एकच यंत्र दिवसभरात अनेकांच्या हाताखालून जाते. संगणकाच्या बाबतीत ही स्थिती एक मूलभूत प्रश्न उपस्थित करते : कोणते सेटिंग यंत्राचे, कोणते संस्थेचे आणि कोणते व्यक्तीचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने काही प्रचलित रचनांची चिकित्सा केली आहे.

समस्येचे स्वरूप :

अशा कारखान्याच्या भांडार विभागातील सामाईक संगणकाची कल्पना करावी. पहिल्या पाळीतील लिपिकाने अंक देवनागरीत दिसावेत असे सेटिंग केले. आज्ञावलीने ते संपूर्ण यंत्रासाठी साठवले, तर दुसऱ्या पाळीत तयार होणाऱ्या साठ्याच्या फाइलमध्येही ‘१२५’ असे अंक उमटतील आणि केवळ इंग्रजी अंक ओळखणारी हिशेबाची आज्ञावली ती संख्या न मानता अक्षरे मानेल. यात लिपिकाचा दोष नाही. पडद्यावरील अंकांचे रूप ही व्यक्तीची बाब आहे, तर देवाणघेवाणीच्या फाइलमधील रूप ही संस्थेची बाब आहे; हा भेद रचनाकाराने केलेला नाही.

प्रचलित रचनांची चिकित्सा :

विंडोज ९५ मध्ये रजिस्ट्रीची माहिती दोन फाइलींत विभागलेली होती, एक यंत्राची व दुसरी वापरकर्त्याची. तत्त्व योग्य होते; परंतु अनेक आज्ञावली व्यक्तिगत आवडीनिवडीही यंत्राच्या शाखेत लिहीत राहिल्या. २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाला अशा जुन्या आज्ञावलींचे लेखन वापरकर्त्याच्या स्वतंत्र जागेत परस्पर वळवावे लागले. काम चालू राहिले, मात्र मूल्य नेमके कोठे साठवले आहे हे आज्ञावलीलाही कळेनासे झाले.

गिट या २००५ मधील प्रणालीत यंत्र, वापरकर्ता आणि प्रकल्प असे स्तर असून जवळचा स्तर वरचढ ठरतो. नियम सुबोध आहे. तथापि एखादे मूल्य कोणत्या फाइलमधून आले हे दाखवण्याची सोय त्यात २०१६ मध्ये आली. उगम दिसणे ही मुळातील गरज असताना ती नंतरची भर ठरावी, ही या रचनेची मर्यादा होय.

याउलट युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसंचाची मांडणी उद्बोधक आहे. तेथे मूळ स्तर, मराठी भाषा आणि भारतातील मराठी अशी परंपरा असून प्रत्येक स्तरावर केवळ वेगळेपण नोंदवले जाते. मराठीसाठी देवनागरी अंक पूर्वनिर्धारित आहेत, तर हिंदीसाठी इंग्रजी अंक. हवे असल्यास वापर करणाऱ्याला अंकपद्धती बदलून मागता येते. मूळ स्तरावर सुधारणा झाली की खालच्या स्तरांना ती आपोआप लाभते. जेथे स्थापनेच्या वेळीच सर्व मूल्यांची प्रत वापरकर्त्याच्या फाइलमध्ये उतरवली जाते, तेथे हा लाभ कायमचा नाहीसा होतो.

जवळचा स्तर वरचढ हा नियमही सार्वत्रिक मानता येत नाही. सुरक्षेच्या बाबतीत संस्थेचा निर्णय व्यक्तीच्या इच्छेवर मात करतो आणि तो करावाच. परंतु तो उघड असावा. बदल स्वीकारल्याचे भासवून नंतर मूल्य पूर्ववत करणारी आज्ञावली वापरणाऱ्याला स्वतःच्या आकलनाविषयी साशंक करते.

निष्कर्ष :

सेटिंगची साठवण ही केवळ तांत्रिक बाब नसून अधिकारवाटपाची बाब आहे. प्रत्येक सेटिंगचा धनी आधी ठरवणे, प्रत्येक स्तरावर फक्त फरक साठवणे आणि मूल्याचा उगम व त्यावरील बंधन वापरकर्त्याला दाखवणे, या तीन कसोट्या येथे महत्त्वाच्या ठरतात. त्या पाळल्या गेल्या, तर पाळी बदलताना संगणकापुढे बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला पहिल्याच्या निवडीचा भुर्दंड सोसावा लागणार नाही.