नृत्यनाट्यांतील स्तब्धता

विद्यार्थिदशेंत ‘लिटल बॅले ट्रूप’चें ‘रामायण’ आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें, तेव्हांपासून ‘नृत्यनाट्य’ हा बॅलेचा रूढ प्रतिशब्द आम्हांस अपुरा वाटत आला आहे. उदय शंकरांच्या अल्मोडा येथील केंद्रांत काम केलेले शांति बर्धन ह्यांनीं १९५२ सालीं मुंबईंत हा संच उभा केला व पुढच्याच वर्षीं ‘रामायण’ बसविलें. १९५४ सालीं ते क्षयानें निवर्तले. कृति मात्र कित्येक दशकें रंगभूमीवर नांदली.

तींत नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें हालतात. हात कोनांत मोडतात, मान झटक्यानें वळते. देहाचें मार्दव हें नर्तकाचें मुख्य धन, आणि तेंच येथें बुद्ध्या टाकून दिलें आहे! तरीहि सीताहरणाच्या वेळीं मन कालवतें, तें कां? आमच्या मतें ह्याचें मर्म स्तब्धतेंत आहे. ज्या बाहुलीची पाळी नसते ती निश्चल उभी असते, आणि एक जिवंत माणूस श्वास आवरून लांकूड झाला आहे ही जाणीव प्रेक्षकास क्षणभरहि सोडीत नाहीं. कॅमेरा हालणाऱ्या पात्रामागें धांवतो. प्रेक्षागृहांत दृष्टि हवी तेथें खिळते.

आमची देवणी गाईबैलांसाठीं प्रसिद्ध. तेथें बॅले आम्हीं कधीं पाहिला नाहीं. गोंधळ-भारुडांवर पोसलेल्या आमच्या ग्रामस्थांस ही कथा एका शब्दावांचून उमगली असती. आमचे आजचे विद्यार्थी नृत्य पाहतात तें मोबाइलच्या पडद्यावर. त्यांस सीता दिसते. तिच्या मागें श्वास रोखून उभा असलेला नर्तक दिसत नाहीं.