धीर देणारी पुस्तके : ख्रिस्ती मराठीचा एक कप्पा

संकटात सापडलेल्या माणसाने श्रद्धेच्या आधाराने कसे उभे राहावे, हे सांगणाऱ्या पुस्तकांना आपल्या समीक्षेत सहसा जागा मिळत नाही. ती देवघरातली पुस्तके, तिथेच बरी, असे आपण मानतो. त्यातून ती ख्रिस्ती असली तर जुन्या मराठी घरांतून त्यांची ओळख आणखीच दूरची. मिशनने फुकट वाटलेली पातळ पुस्तिका एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर हे दुर्लक्ष मुळीच शोभत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले, आणि ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. म्हणजे या परंपरेची दोन मोठी ठाणी आपल्याच बाजूची आहेत.

‘ख्रिस्तपुराण’ आपण आठवतो ते मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांसाठी, आणि तेवढ्यावरच थांबतो. त्याच्या आरंभीचा एक प्रसंग मला त्याहून मोलाचा वाटतो. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी तसे दुसरे काही आम्हांला का देत नाही? वरवर पाहता ही विनंती आहे. पण संध्याकाळी घरात वाचायला पोथी उरली नाही, हे दुःख तिच्या तळाशी आहे. स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत. जुनी पोथी वर्ज्य ठरविणाऱ्यांपैकीच एकाने नवी पोथी हाती द्यावी, ही विसंगती झाकता येत नाही आणि झाकूही नये. तरीही, ज्याला धीर द्यायचा त्याच्याच छंदात आणि त्याच्याच सुरात तो दिला पाहिजे, हे या इंग्रज जेझुइटाने ओळखले होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात हे भान सुटत गेले. हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ या नावाने बन्यनचे ‘पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेस’ मराठीत आणले. मूळ पुस्तकाचा कर्ता बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढलेला. त्याचा यात्रिक श्रद्धा असूनही निराशेच्या चिखलात रुततो, निराशा नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात कोंडला जातो. दाराची किल्ली आपल्याच उराशी आहे, हेही त्याला फार उशिरा आठवते. बन्यन शंकेला तिचा पुरता वेळ देतो. याउलट बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’त विधवांचे दुःख अस्सल आहे, पण त्यांचे रडणे पुरते ऐकून होण्याआधीच उपाय सुरू होतो. प्रत्येक व्यथा वादातला एक मुद्दा होऊन बसते. पहिल्या कादंबरीचा मान त्या पुस्तकाला अवश्य द्यावा. धीराचा ग्रंथ म्हणून मात्र ते थिटे पडते.

हाच दोष आज इंग्रजीतून भाषांतरित होऊन येणाऱ्या पुस्तकांत दहापटीने वाढलेला दिसतो. साचा ठरलेला असतो : आधी अडचण, मग एक वचन, मग कोणाची तरी साक्ष, शेवटी छोटी प्रार्थना. नोकरी गेली काय, मूल दगावले काय, पाने तेवढीच. भाषाही अशी की मराठी शब्दांतून इंग्रजी वाक्य चालत यावे. गंमत अशी, की या प्रकारच्या सांत्वनावरची सर्वांत कठोर टीका खुद्द बायबलातच आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री मुकाट बसून राहतात, तोवर ते खरे मित्र असतात. मग ते बोलू लागतात. दुःखाची कारणे सांगतात, ईश्वराची बाजू मांडतात. अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, आपल्या या वकिलांवर. धीराचे पुस्तक लिहू पाहणाऱ्याने हा भाग आधी वाचावा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्टीफन्सचा मार्ग पुन्हा शोधला, तो तुकोबांच्या वाटेने. ख्रिस्ताला त्यांनी आईच्या नात्याने हाक मारली, अभंगाचे रूप घेतले. त्यामुळे त्यांची भक्तिगीते परकी वाटत नाहीत. क्वचित समर्पण फार लवकर येते, झगडा पडद्याआड उरकून घेतल्यासारखा वाटतो. तो झगडा वाचायचा असेल तर त्यांच्या पत्नीकडे जावे लागते.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. हे आत्मचरित्र धीराच्या पुस्तकांच्या रांगेत कोणी ठेवत नाही, आणि माझा आग्रह असा की त्या रांगेत पहिले तेच ठेवावे. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा या बाईंचे जग एका दिवसात दुभंगले. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. सुमारे पाच वर्षांचा तो विरह त्या लिहितात तेव्हा रडणे लपवीत नाहीत. पण त्या रडण्याच्या शेजारीच स्वतःची फजिती, नातलगांच्या तऱ्हा आणि टिळकांचा विक्षिप्तपणा असा काही येतो की वाचणाऱ्याला हसू फुटते. हे हसू दुःखावरचा उतारा म्हणून आणलेले नाही. घरात दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणून पुस्तकातही आहेत.

त्यांचे धर्मांतर १९०० सालचे. पतीच्या उपदेशाने त्या हलल्या नव्हत्या. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी, जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा आपल्याच मनाशी निवाडा केला आणि मग पाऊल उचलले. एवढी मोठी गोष्ट त्या सांगतात ती शेजारणीला सांगावी तशी. ‘तुम्हीही असेच धीराने वागा’ असा सूर कुठेही नाही. टिळकांवर रागही तितकाच मोकळा. हाताला लागेल ते दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या संताबरोबर संसार करताना चुलीवर काय चढवायचे, हा प्रश्न त्या भक्तीच्या नावाखाली पुसून टाकीत नाहीत. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर विश्वास बसतो, आणि तो बसण्यासाठी वाचकाला ख्रिस्ती असावे लागत नाही.

भाषेच्या अंगाने त्यांच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागेल. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, सामान्य बायकांच्या कानाला ते परके लागते, म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते संपविले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या छापखान्यात त्याची छपाई झाली. निराधार स्त्रीला धीर द्यायचा तर आधी तिला कळेल असे वाक्य दिले पाहिजे, या हट्टापायी एका विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबले होते. बाकीचे, म्हणजे त्याचा बहुतेक सारा भाग, त्यांनी लिहून काढला.