आदिलशहाचा वाडा, व्हाइसरॉयचे निवासस्थान

पूर्णेचा आमचा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. महाल, कमान, हौद हे अरबी-फारसीतून आलेले शब्द येथे कोणालाच परके वाटत नाहीत. त्यामुळेच असेल, ‘ख्रिस्ती राजवाड्यांवरील इस्लामी प्रभाव’ हा कलेतिहासातील सरधोपट शब्दप्रयोग आम्हांस अपुरा वाटतो. ‘प्रभाव’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न व्यवहार झाकले जातात.

पहिला व्यवहार स्पेनमधील सेव्हिल येथे दिसतो. कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो याने 1364 च्या सुमारास तेथील अल्काझारमध्ये आपला महाल उभारला, तेव्हा ग्रानाडा व टोलेडो येथील कारागीर कामाला लावले. दर्शनी भागावर गॉथिक लिपीत राजाचे नाव आहे. तेथेच निळ्या-पांढऱ्या फरशांत, अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही, हे ग्रानाडाच्या सुलतानांचे ब्रीद कुफी अक्षरांत मांडलेले आहे. सेव्हिल हेदेखील 1248 मध्ये तलवारीनेच जिंकलेले शहर. तरीही पेद्रोने परधर्मीयांची विद्या जाणीवपूर्वक निवडली आणि त्यांची अक्षरे आपल्या नावाशेजारी राहू दिली.

दुसरा व्यवहार आपल्या शेजारी, गोव्यात घडला. 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि शहरातील मुसलमानांची कत्तल केली. तसे त्याने स्वतःच आपल्या राजाला लिहून कळविले. जुन्या गोव्यातील आदिलशाही वाडा मात्र राखला गेला. तेथे प्रथम पोर्तुगीज गव्हर्नर राहिले आणि 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. आज संत कायेतानच्या चर्चजवळ त्या वाड्याचे काळ्या दगडाचे दार तेवढे उभे आहे. पणजीतील आदिलशहाच्या दुसऱ्या वाड्यात 1759 मध्ये व्हाइसरॉय राहावयास आले. पोर्तुगीज अमदानीत त्याचे रूप इतके पालटले की मूळ आदिलशाही हात आता शोधावाच लागतो.

सेव्हिलमध्ये विद्या स्वीकारली गेली. गोव्यात वास्तू ताब्यात घेतली गेली. या दोहोंना एकच नाव दिले की हिंसेची आठवण सौंदर्याच्या चर्चेत विरून जाते. ख्रिस्ती वाचकाने तरी तसे होऊ देऊ नये. ज्या न्यायासनाने त्या वाड्यात धर्माच्या नावाने माणसांना शिक्षा फर्मावल्या, ते आपल्याच इतिहासाचा भाग आहे. कमानीच्या डौलाचे कौतुक जरूर करावे. परंतु ती घडविणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारल्यावाचून आपली समीक्षा पुरी झाली असे मानू नये.