एका वाक्यात बंद झालेली पदवी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला ११.१० क्रमांकाचा परिच्छेद काढून बघा. त्यात पदव्युत्तर शिक्षणाचे निरनिराळे आराखडे सांगितलेत, पीएच.डी.ला काय पात्रता लागेल तेही सांगितलंय. आणि शेवटी एक छोटंसं वाक्य येतं : एम.फिल. अभ्यासक्रम बंद केला जाईल. बस्. कारण नाही, कुणी शिकत होतं याची साधी दखलही नाही. साठहून अधिक पानांच्या दस्तऐवजात एका पदवीचा निकाल एका वाक्यात लागतो.

साहित्याच्या अंकात सरकारी वाक्य कशाला वाचायचं, असं वाटेल. पण तोही मजकूरच आहे. आणि मजकुरात काय गाळलंय ते बघणं, हे तर समीक्षेचं पहिलं काम.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुन्या गोष्टी बंद करणं हा आमच्या कामाचाच भाग. त्याला आम्ही 'डेप्रिकेट करणं' म्हणतो आणि त्याची एक रीत आहे. आधी बघायचं, ह्यावर कोण कोण अवलंबून आहे. मग वॉर्निंग द्यायची, नव्याकडे जायचा रस्ता बांधायचा, आणि सगळ्यात शेवटी जुनं काढायचं. पायथन ३ आलं २००८ मध्ये. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबणार होता, पण लोकांचं काम अडेल म्हणून ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीला निरोप द्यायला अकरा वर्षं!

एम.फिल.च्या बाबतीत काय झालं? ७ नोव्हेंबर २०२२ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे पीएच.डी. नियम आले आणि एम.फिल. देऊ नका, असं त्यात सांगितलं. आधी प्रवेश घेतलेल्यांना अभय होतं. तरी काही विद्यापीठं अर्ज मागवतच राहिली, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला पुन्हा जाहीर सूचना काढावी लागली. आणि पुढच्याच महिन्यात त्याच आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली.

या दोनच का? क्लिनिकल सायकॉलॉजीचं उत्तर सोपं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जी व्याख्या आहे, तिच्यात ही एम.फिल. नावानिशी लिहिलेली आहे. पदवी काढली की कायद्यातली व्याख्याच लंगडी पडते. आमच्या भाषेत, डेप्रिकेट करून टाकलं आणि डिपेन्डन्सी नंतर सापडली. मुदतवाढ योग्यच होती. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते : जी गरज कायद्यात लिहिलेली होती तीच दिसली. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांच्या एम.फिल.वर कोण अवलंबून होतं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

ते मी घरात पाहिलंय. माझ्या मामेबहिणीने मराठीत एम.फिल. केलं. तिच्या घरातली ती पहिली पदवीधर. पीएच.डी. म्हटलं असतं तर लग्नाचा विषय निघून सगळं तिथेच थांबलं असतं. 'दीड वर्षाचं आहे' म्हटल्यावर मामा कबूल झाला. तालुक्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून तिने शंभरेक पानांचा लघुप्रबंध लिहिला. पुढे पीएच.डी. केली नाही. पण हाती घेतलेलं काम पूर्ण झालं, त्याची पदवी मिळाली. ती एकटी नव्हती. २०१९-२० च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एम.फिल.ला मुली मुलांपेक्षा जास्त दिसतात आणि पीएच.डी.ला कमी. जिथे पायरी बुटकी होती, तिथे जास्त जणी चढत होत्या.

दुसरी बाजूही मांडायला हवी. पुष्कळ एम.फिल. नुसत्या उरकलेल्या असत. बढतीसाठी केलेले, इकडचं तिकडे चिकटवलेले लघुप्रबंध कमी नव्हते. २००९ च्या नियमांनंतर प्राध्यापकीसाठी नेटमधून सूट फक्त पीएच.डी.लाच उरली, तेव्हा एम.फिल.चा व्यवहारातला भावही उतरला. शिवाय धोरणाचे समर्थक म्हणतील की पर्याय दिलाय : दोन वर्षांच्या एम.ए.चं दुसरं वर्ष संपूर्ण संशोधनाचं. कागदावर हे खरंच चांगलं आहे. पण २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात तेच वर्ष नुसत्या कोर्सवर्कचंही चालतं. ज्या विभागात शिक्षकांच्या जागाच रिकाम्या आहेत, तो यातलं काय निवडेल, हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त खटकते ती विसंगती पलीकडची. हेच धोरण पदवीच्या पातळीवर 'मल्टिपल एक्झिट'चा गौरव करतं. एक वर्ष शिकून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. आयुष्यात अडचणी येतात, केलेलं वाया जाऊ नये, हे तत्त्व मला मनापासून पटतं. मग ते संशोधनाच्या दाराशी येऊन का थांबतं? पीएच.डी.ला किमान तीन वर्षं. दोन वर्षांनी कुणाला घरी परतावं लागलं, तर हातात काय? एम.फिल. हा संशोधनातला एकमेव सन्मानाचा एक्झिट होता. नेमका तोच बंद केला.

एम.फिल. हे नाव परत आणा, असं माझं म्हणणं नाही. नावं बदलतात, आवृत्त्या बदलतात. पण पीएच.डी.चं कोर्सवर्क आणि एक छोटा प्रबंध पूर्ण करणाऱ्याला त्याची पदवी देऊन सन्मानाने निघता यावं, ही तरतूद आजही करता येईल. एका वाक्याने जे बंद झालं, ते उघडायलाही एक वाक्य पुरेल. मात्र या वेळी ते लिहिण्याआधी कोण अवलंबून आहे, एवढं तरी कुणीतरी विचारावं.